शिगेचं माप

आईकडे पत्र्याचं एक जुनं मापटं आहे, तिच्या आईकडून आलेलं. पुण्याच्या घरात धान्य मोजायची वेळ फारशी येत नाही, तरी ते ज्वारीच्या डब्यातून कधी बाहेर गेलं नाही. त्या मापट्यानं मी लहानपणी एक रीत शिकले. शेजारणीकडून उसनं आणायचं ते वरून हात फिरवून, सपाट. फेडायचं ते मात्र शीग लावून, दाणे कडेनं घरंगळायला लागेपर्यंत. ‘सपाट आणलं अन् सपाट दिलं तर नुसतं फिटलं,’ आई म्हणते, ‘शीग लावली म्हणजे येणं-जाणं राहतं.’

आई पारनेर तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती अकरा वर्षांची होती आणि आजीच्या मागं खडी फोडायला जायची. दुपारी कामावर सुकडी मिळायची. घरी रेशनची मिलो, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची. त्या भाकरीबद्दल आई वाईट बोलत नाही. कुठल्या मुलखातल्या कुणी पेरली, कुणी पाठवली, आणि आपण जगलो, एवढंच म्हणते.

2005 साली मी कॉलेजात होते. जगभरातली गरिबी संपवा, असं म्हणत त्या वर्षी कितीतरी देशांतली माणसं मनगटाला पांढरी पट्टी बांधत होती. भारतात ‘वादा न तोडो’ अभियान चालू होतं. 2000 साली न्यूयॉर्कमध्ये जगातल्या देशांनी वचन दिलं होतं, की 2015 पर्यंत अतिगरिबांचं प्रमाण निम्म्यावर आणू. त्या वचनाची आठवण करून द्यायची होती. फेब्रुवारीत लंडनच्या ट्रफाल्गर चौकात नेल्सन मंडेला बोलले होते की गरिबी निसर्गानं केलेली नाही, ती माणसानं केलेली आहे आणि माणूसच ती मोडू शकतो. ते वाचून मी जुन्या पांढऱ्या ओढणीची कड फाडली आणि मनगटाला बांधली.

आईनं विचारलं, ‘ही बांधली की कुणाला काय मिळतं?’ तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, सरकारांवर दबाव येतो, गरीब देशांची कर्जं माफ होतात. ते उत्तर मला आजही खरं वाटतं. त्याच वर्षी आठ श्रीमंत देशांनी कितीतरी गरीब देशांची कर्जं माफ करायचं कबूल केलं, त्यामागे त्या पट्ट्या होत्याच. आई ‘कर्ज’ या शब्दाशी थांबली. मग म्हणाली, ‘दिवाळीला गावी जाऊ तेव्हा राळेगणसिद्धीला जाऊन येऊ.’

शिरूरच्या पुढं, घोड नदी ओलांडली की पुणे-नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी माळ सुरू होतो. सह्याद्रीवर सगळं ओतून झाल्यावर जे ढग उरतात ते इकडं येतात. वर्षाला चारशे-साडेचारशे मिलिमीटर पाऊस, तोही आला तर. वर बोटभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. उतारावरचं पाणी थांबत नाही आणि जाताना माती घेऊन जातं. 1975 साली सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे राळेगणसिद्धीत परतले, तेव्हा गावात बागायत नावापुरती होती. दारूच्या भट्ट्या मात्र तीसहून जास्त. यादवबाबांच्या देवळाची लाकडं त्या भट्ट्यांत जळाली होती.

मंडेलांचं म्हणणं मला राळेगणच्या तलावाच्या बांधावर उभी असताना कळलं. गावात दुष्काळी कामातून बांधलेला एक पाझर तलाव होता. बांधला होता, पण त्यात पाणी ठरत नव्हतं. पाऊस पडायचा, तलाव भरल्यासारखा व्हायचा आणि गळून जायचा. पाऊस कमी, हे निसर्गाचं. पडलेला पाऊसही हाती न लागणं, हे माणसाचं. गावकरी श्रमदानाला उतरले, तलाव दुरुस्त झाला आणि खालच्या सात विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिलं. जाणत्या माणसांच्या आठवणीत असा उन्हाळा नव्हता. मग चर खणले गेले, नालाबांध घातले गेले, झाडं लागली. पुरंदरमधल्या नायगावात विलासराव साळुंखे पाणी पंचायत चालवत होते. पाणी जमिनीच्या मालकीवर नव्हे, माणसांच्या संख्येवर वाटायचं, हा त्यांचा विचार राळेगणनं डोळ्यांसमोर ठेवला. उसासारखी तहानलेली पिकं लावायची नाहीत, असं गावानं ठरवलं. विहिरीत हात-दोन हात पाणी चढलेलं असताना ऊस न लावणं किती अवघड असतं, ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यालाच कळेल.

मी आणि आई सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते मात्र देवळात. इथं 1980 च्या सुमारास धान्य बँक सुरू झाली. ज्यांच्याकडं जास्त पिकलं त्यांनी धान्य आणून दिलं. ज्याच्या घरी कणगी रिकामी झाली त्यानं न्यायचं आणि सुगी आली की थोडं जास्त घालून परत करायचं. सावकाराचं धान्यही असंच होतं, सवाईनं किंवा दिढीनं फेडायचं. पण तिथं वरचे दाणे सावकाराच्या कोठारात पडायचे. इथं ते पुढच्या उपाशी घरासाठी राहिले. आईनं हे ऐकलं आणि देवळाच्या पायरीवर बसूनच राहिली. ‘आमच्या आईला हे मिळालं असतं तर,’ एवढंच म्हणाली.

गावातल्या दलित कुटुंबांवर पैशांच्या बँकेचं कर्ज होतं, फिटत नव्हतं. तेव्हा बाकीच्या गावानं त्यांच्या रानात जाऊन त्यांची शेतं कसली आणि आलेल्या पिकातून ते कर्ज फेडलं. ज्या गावात पाणवठे वेगळे असायचे, तिथल्या सवर्ण माणसानं दलिताच्या रानात औत धरावं, तेही त्याच्या कर्जासाठी, ही गोष्ट मला चर-नालाबांधांच्या सगळ्या कामांपेक्षा मोठी वाटते. दुसऱ्याचं कर्ज आपलं म्हणणं यापलीकडे गरिबीविरुद्धच्या लढ्यात सामील होण्याचा अर्थ मला अजून सापडलेला नाही.

सगळंच मला पटत नाही. याच गावात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलं गेलं. ज्या बायकांनी दारूपायी संसार मोडताना पाहिले, त्यांना तेव्हा काय वाटलं असेल ते मी समजू शकते. तरीही माणसाला बांधून मारणं मला मान्य होत नाही, आणि गावाच्या एकमतात एखाद्याचा आवाज कायमचा दबतो का, हा प्रश्न मी तिथून बरोबर घेऊन आले. तो अजून माझ्याजवळ आहे. त्यामुळे देवळातल्या धान्याचं मोल माझ्या मनात कमी झालं नाही, आणि त्या धान्यानं हा प्रश्नही मिटला नाही.

पुढं मला नोकरी लागली. पहिल्या पगारपत्रकावर दोनशे रुपये कापलेले दिसले: व्यवसाय कर. कचेरीत विचारलं, तर सगळे म्हणाले, कापतातच. घरी येऊन वाचत बसले. बहात्तरच्या सुमारास महाराष्ट्रानं मागेल त्याला काम द्यायचं ठरवलं. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती. 1977 साली तिचा कायदा झाला. या कामाला पैसा कुठून, तर त्यासाठीच 1975 साली हा कर बसवला. शहरातल्या पगारदारांनी, व्यापाऱ्यांनी, डॉक्टर-वकिलांनी आपल्या मिळकतीतलं थोडं द्यायचं आणि त्यातून माळावरच्या माणसाला काम मिळायचं. ज्या वर्षी मी पांढरी पट्टी बांधली, त्याच 2005 साली संसदेनं सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. त्याची वाट महाराष्ट्रानं दाखवली होती. मुंबईच्या लोकलमध्ये उभं राहून जाणारा कारकून तीस वर्षं कुणाच्या तरी नालाबांधाला, कुणाच्या तरी चुलीला हात लावत होता. त्याला ते कुणी सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात 17 ऑक्टोबर 1987 रोजी गरिबीच्या बळींसाठी एक शिळा बसवली गेली आणि आता जग गरिबी निर्मूलनासाठी तो दिवस पाळतं. आपल्याकडे त्या दिवशी प्रत्येक पगारदाराच्या हातात त्याचं पगारपत्रक ठेवून ती एक ओळ दाखवायला हवी.

मी वर्षभराची पगारपत्रकं काढून आईला ती ओळ दाखवली. चष्मा लावून तिनं महिन्यांवरून बोट फिरवलं. एप्रिल, दोनशे. मे, दोनशे. असं करत फेब्रुवारीवर थांबली. तिथं तीनशे होते. वर्षाची बेरीज अडीच हजार बसवायला फेब्रुवारीत शंभर जास्त कापतात, मी सांगितलं.

‘म्हणजे शेवटाला शीग लावतात,’ ती म्हणाली. मग उठून आत गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि ज्वारीत मापटं खुपसल्याचा.