हलगी, झील, हजेरी

शेकोटी. तमाशाच्या बोर्डामागे पाचटाचा किंवा काटक्यांचा छोटा जाळ असायचा. हलगीवाला कातडं त्या धगीवर फिरवायचा, बोटानं टिचकी मारून कानाशी न्यायचा, पुन्हा धगीवर धरायचा. दवानं सैल पडलेलं कातडं ताणलं, की उजव्या हातातलं टिपरू आणि डाव्या बोटांतली बारीक काडी सुरू. गावाच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणावर पडलेला माणूस उठून चपला शोधायला लागायचा. आता हलगीला फायबरचं पान असतं. त्याला दव बाधत नाही, जाळही लागत नाही. आवाज मोठा येतो, पण एकसारखा येतो.

तुणतुणं. एक तार, एक खुंटी, खाली चामडं मढवलेलं पोकळ लाकूड. त्याच्यावर चाल वाजत नाही, नुसता सूर धरून ठेवायचा. कीबोर्ड आल्यावर फडातून पहिलं हेच गेलं.

झील. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण गाणाऱ्या नाटकाची गोडी मला इथं लागली. मुख्य गाणारा ओळ सोडायचा आणि मागं उभे असलेले सुरत्ये ती वरच्यावर झेलायचे. एक हात कानावर, मान किंचित वर, शेवटचा स्वर इतका उंच आणि इतका लांब, की पुढच्या पात्राला त्या अवधीत आत येऊन जागा घेता यायची. म्हणजे झील नुसती साथ नव्हती, ती पात्राला वाट करून देत होती. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत नाटक तिनंच पोचवलं. आज सुरत्ये कमी झाले आहेत. वरची पट्टी लावणारा गळा तयार व्हायला वर्षं जातात आणि तेवढी वर्षं पोसायची ताकद फडमालकात उरलेली नाही.

पुढं पुण्यात ‘संगीत सौभद्र’ पाहिलं. नांदी सुरू झाली आणि मला तमाशाच्या सुरुवातीचा गण आठवला. सूत्रधाराची थट्टा ऐकताना बतावणी आठवली. ‘सौभद्र’ लिहिणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला रंगभूमीवर आलं; पहिला वग, म्हणजे तमाशातलं गोष्ट सांगणारं नाट्य, मानला जाणारा उमाजी सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ त्याच्या पंधरा वर्षं आधीचा, १८६५ चा. नाटक कंपन्या रेल्वेनं फिरल्या, तमाशा बैलगाडीनं आणि मग ट्रकनं. दौंड जंक्शनपासून आत, भीमेच्या काठानं, घोडनदीच्या काठानं वसलेल्या वाड्या-वस्त्यांवर म्हणून तमाशाच पोचला. आमच्या शिरूर-दौंडकडच्या माणसाला संगीत रंगभूमी म्हणजे हीच.

गौळणीतली मावशी. पुरुषानं नेसलेलं लुगडं, डोक्यावर पदर, तोंडात गावरान फटकळपणा. दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची ती म्होरकी. कृष्ण वाट अडवायचा, त्याचा सवंगडी पेंद्या बोबडं बोलायचा आणि मावशी त्या दोघांच्या आडून सरपंचापासून सावकारापर्यंत सगळ्यांना बोलून घ्यायची. गावात ज्यांना तोंड उघडायची सोय नव्हती त्या लोकांचं बोलणं तिच्या तोंडी होतं. अजून मावशी दिसते, पण दहा मिनिटांपुरती.

लिहिलेला वग. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे शाहीर बी. के. मोमीन कवठेकर यांनी आयुष्यभर फडांना गण, गौळणी, लावण्या, वग लिहून दिले. मुसलमान घरातला माणूस गणेशाचं स्तवन लिहितो आणि गावोगावचे तमासगीर ते देवळापुढं गातात, यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना २०१८ सालासाठी मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. असे लिहिणारे फडाच्या जवळ राहत. कुणाचा गळा कुठवर जातो, कोणता सोंगाड्या कुठं अडखळतो, हे त्यांना माहीत असे आणि पदं त्या मापानं उतरत.

चौफुल्याची बैठक. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावरची ही संगीतबारीची जुनी जागा. ढोलकीच्या फडाहून हा बाज वेगळा. तबला, पेटी, बसून गायलेली लावणी, एकाच ओळीवर फिरत राहणारी अदा. एक ओळ दहा तऱ्हांनी दाखवणं हे अभिनयाचं मोठं शिक्षण आहे, आणि ते देणाऱ्या बाया आपल्याकडं होत्या. आपण मात्र त्यांच्याकडं कलावंत म्हणून फार उशिरा पाहिलं. आता फर्माईश सिनेमाच्या गाण्याची येते.

अख्खी रात्र. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहाला कर्णे बंद. नियम योग्य आहे. आजाऱ्याला, परीक्षेच्या पोराला, रांजणगावच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाणाऱ्याला झोप हवीच. पण वेळ आखडली तेव्हा कात्री लागली ती वगाला. सिनेमाची गाणी राहिली, गोष्ट गेली.

हजेरी. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फडानं देवळापुढं येऊन गायचं. रात्रीचं काजळ डोळ्यांत उरलेलं, आवाज बसलेला, अंगावर साधं पातळ. ना दिवे, ना पडदा. दोन फड आले असतील तर सवाल-जवाब रंगायचे आणि म्हातारी माणसं उन्हात डोक्यावर उपरणं घेऊन ऐकत बसायची. खरा गळा कुणाचा, ते गावाला तिथं कळायचं.

चैत्र जवळ आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रा कमिट्या सुपारी द्यायला जातात. राहुट्या अजून आहेत, तिथं बसलेल्या कलावंतांना वगही येतो. त्यांना तो कुणी मागत नाही, एवढंच.

तेव्हा शिरूर-दौंडच्या जत्रा कमिट्यांना माझं सांगणं आहे. सुपारी ठरवताना पैशाच्या बोलण्याआधी विचारा, वग कोणता करणार? गण-गौळण पूर्ण हवी, सुरत्ये हवेत, असं करारात लिहून घ्या. त्याचे चार पैसे जास्त द्या. खेळ रात्री नऊला नको, संध्याकाळी सहाला लावा, म्हणजे दहाच्या आत वग पुरा होईल. आणि सकाळची हजेरी रद्द करू नका.