गाडीतले कुत्र्याचे केस

कुत्र्याचा केस गाडीच्या कार्पेटमध्ये शिरतो सहज, निघतो मात्र महत्प्रयासाने. याचे कारण केसाच्या घडणीतच आहे. केसाच्या बाहेरच्या थरावर सूक्ष्म खवले असतात. छपरावरच्या कौलांसारखे ते एकावर एक चढलेले असतात आणि त्यांची मोकळी कड केसाच्या टोकाकडे असते. त्यामुळे मुळाच्या बाजूने पुढे सरकताना केस कुठे अडत नाही. टोकाला धरून उलटा ओढला की त्याच कडा आजूबाजूच्या धाग्यांत अडकतात. गाडीचे हादरे आणि कुत्र्याची उठबस यांनी तो एकाच दिशेने, आत, सरकत राहतो. मेंढीची लोकर भिजवून, दाबून, मळून नमदा तयार होतो तोही याच गुणामुळे.

डिकीतल्या कार्पेटची याला साथच असते. बहुतेक गाड्यांमध्ये हे कार्पेट विणलेले नसते. पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचा थर पसरून त्यात काटेरी सुया सतत खालीवर केल्या जातात आणि तंतू एकमेकांत गुंतून त्यांची जाड चादर होते. कारखान्यात सुईने जे केले, तेच पुढे कुत्र्याचे वजन आणि रस्त्यातले खड्डे करत राहतात. काही महिन्यांनी केस कार्पेटवर उरत नाहीत, कार्पेटमध्ये जमा होतात. नुसत्या व्हॅक्यूमने ते निघत नाहीत यात यंत्राचा दोष नाही. व्हॅक्यूम हवेच्या ओढीवर चालतो, आणि हवा सुटे झालेले उचलते, गुंतलेले नाही. म्हणून या कामाचा मोठा वाटा केस सोडवण्याचा आहे, ओढून घेण्याचा भाग शेवटी येतो आणि लवकर आटोपतो. धुलाई केंद्रांत बहुधा याच्या उलट चालते, आणि गाडी परत येते तेव्हा वरवर चकाचक दिसते, एवढेच.

केस कोणत्या कुत्र्याचा, यावरही बरेच अवलंबून असते आणि इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. झुबकेदार स्पिट्झ पाहून माणूस धास्तावतो, पण लांब, मऊ केस एकमेकांत गुंतून त्यांचे पुंजके होतात आणि पुंजका चिमटीत येतो. खरा त्रास लॅब्राडॉर, बीगल आणि गावठी कुत्र्यांच्या आखूड, ताठ केसांचा. असा केस एकेकटा राहतो, उभा घुसतो आणि वर जेमतेम टोक दिसते. मांजराचा केस बारीक आणि हलका. तो खोल जाण्यापेक्षा सीटच्या कापडावर, छताच्या अस्तरावर सगळीकडे पातळ पसरतो.

दुसरी पकड स्थिर विजेची. केस आणि पॉलिएस्टर एकमेकांवर घासले की केसावर धन आणि पॉलिएस्टरवर ऋण भार येतो, आणि दोघे एकमेकांना सोडत नाहीत. हवा कोरडी असेल तर हा भार टिकतो. दमट हवेत तो वाहून जातो. म्हणूनच नागपूर-जळगावकडच्या कोरड्या महिन्यांत झटकलेला केस उडून पुन्हा सीटवरच येऊन बसतो. कोकणात पावसाळ्यात ही कटकट नसते, पण ओलसर कार्पेटला वास धरतो, तो निराळाच ताप.

सुरुवात कोरड्यातच करावी. पायाखालचे मॅट बाहेर काढून झटकावेत आणि एकदा साधा व्हॅक्यूम फिरवून माती, वाळू आणि बिस्किटांचा चुरा काढून टाकावा. नाहीतर पुढे घासताना वाळू कापड खाते. त्यानंतर स्प्रे बाटली. कपड्यांसाठी मिळणारे फॅब्रिक कंडिशनर एक भाग आणि पाणी आठ-दहा भाग, एवढे पातळ मिश्रण पुरते. कंडिशनरमधले धनभारित रेणू तंतूंवर बसून स्थिर वीज घालवतात आणि पृष्ठभाग थोडा निसरडाही करतात. फवारा धुक्याइतकाच हवा. कार्पेट भिजले तर केस चिकटून बसतात आणि साध्या व्हॅक्यूममध्ये ओल जाते.

मग रबर. भांडी घासताना वापरतात तो जाड रबरी हातमोजा किंवा काच पुसायच्या वायपरची रबरी पट्टी, दोन्ही चालतात. बाजारातल्या महागड्या ब्रशांचे कामही शेवटी रबराच्या घर्षणावरच चालते. हात कार्पेटवर दाबून वीतभर आपल्याकडे ओढावा, उचलावा, पुन्हा पुढे टेकवून ओढावा. मागेपुढे घासले तर जेवढे बाहेर येते तेवढेच परत आत जाते. पहिल्या दोन-तीन ओढींत काहीच घडत नाही, आणि बरेच जण इथेच कंटाळतात. मग रबराच्या कडेपुढे राखाडी रेघ उमटते, रेघ जाड होते आणि तिची बोटाएवढी वळी तयार होते. ती उचलून बाजूला ठेवावी. त्या जागेत वळी येईनाशी झाली की दिशा काटकोनात बदलून तीच जागा पुन्हा घ्यावी. सरळ ओढीला दाद न देणारे केस आडव्या ओढीला निघतात. हातभर जागा पूर्ण झाल्यावरच पुढच्या जागेला हात घालावा.

एवढ्यानेही न निघणाऱ्या ताठ केसांसाठी प्यूमिसचा दगड वापरतात. ज्वालामुखीतून आलेल्या या सच्छिद्र दगडाच्या खरखरीत कडांत केसाचे टोक अडकते आणि तो उपटला जातो. पण हा दगड फक्त डिकीच्या आणि पायाखालच्या जाड कार्पेटपुरता, तोही हलक्या हाताने. सीटच्या कापडावर, मखमली अस्तरावर किंवा रेक्झिनवर फिरवला तर केसांबरोबर कापडही जाते.

सीटचे काम त्या मानाने सोपे. कापडी सीटवर ओलसर हातमोजा पुरतो. रेक्झिनवर ओला फडका. वेळ जातो तो शिवणींत. दोन बोटांनी शिवण फाकवून मऊ ब्रशने केस वर काढावेत आणि व्हॅक्यूमचे अरुंद तोंड लगेच मागून धरावे. चिकट रोलर शेवटच्या हातासाठी ठीक. पहिल्यापासून तोच वापरणे म्हणजे कागद संपवणे.

पुढच्या सीटच्या रुळांत ग्रीस आणि केस यांचा चिखल साचतो. तो लाकडी काडीने खरवडावा, सीट पुढे-मागे सरकवून दोन्ही टोके बघावीत. सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या तारा दिसतात, त्या एअरबॅगच्या यंत्रणेच्या. त्या ओढू नयेत, त्यांच्यावर पाणी मारू नये. छताचे अस्तर फोमवर गोंदाने चिकटवलेले असते. तिथे जोर लावला किंवा ओल मुरली तर ते सुटून लोंबू लागते. छताला कोरडा रोलर, बास.

आतलीच हवा फिरवत एसी चालवला जातो तेव्हा केस आणि कोंडा केबिन फिल्टरपर्यंत पोहोचतात. बऱ्याच गाड्यांत हा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. कुत्रा नेहमी गाडीत असेल तर कंपनीने सांगितलेल्या मुदतीची वाट न पाहता तो काढून बघावा. हे नुसत्या स्वच्छतेसाठी नाही: अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, केस हे त्यांचे वाहन. गाडी विकायला काढलेल्या मालकाने दिसणारे केस काढले तरी नव्या मालकाला शिंका येऊ शकतात, त्या यामुळे.

सगळे झाल्यावर दारे उघडी टाकून गाडी सुकू द्यावी आणि मग टॉर्च कार्पेटच्या पातळीला आडवा धरून बघावे. वरून पाडलेल्या उजेडात जे दिसत नाही ते तिरप्या उजेडात उभे राहते. उरलेल्या जागांवर पुन्हा फवारा, पुन्हा रबर.

हा खटाटोप वारंवार नको असेल तर सर्वांत स्वस्त उपाय गाडीबाहेरचा आहे: निघण्यापूर्वी कुत्र्याला अंगणात नीट विंचरणे. गळणारा केस ब्रशमध्ये आला की तो सीटवर येत नाही. त्याखालोखाल मागच्या सीटवर बांधायची कापडी झोळी. ती घट्ट विणीची असावी, लोकरी पांघरूण नको, त्यातून केस खाली झिरपतात. उतरवताना झोळी गाडीतच झटकू नये. चारही कोपरे आत दुमडून ती गाठोड्यासारखी बाहेर काढावी आणि वाऱ्याची दिशा बघून दूर नेऊन झटकावी.