उमरग्याचा काळा दगड, नळदुर्गचं पाणी आणि एक फिरती काच

मैत्रिणींनो, सोलापूरहून हैदराबादकडे जाताना उमरगा हे गाव लागतं. गाडी थांबते, चहा होतो आणि आपण पुढे निघतो. पुढच्या खेपेला मात्र तास-दोन तास काढून ठेवा. गावात महादेवाचं प्राचीन मंदिर आहे. काळा दगड, त्यावर कोरीव शिल्पं. श्रावणात दगड ओला असतो, तेव्हा तर बघत राहावं. पण फोटो काढा, की मूर्तीच्या नाका-डोळ्यांवर नुसती पांढरी चकाकी! डोळ्यांना दिसलेलं कोरीवकाम फोटोत येतच नाही.

यावर एक साधी काच मिळते. तिचं नाव सर्क्युलर पोलरायझिंग फिल्टर. लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसवायची आणि बाहेरची कडी हळूहळू फिरवायची. फिरवता फिरवता दगडावरची चकाकी विरते आणि दागिन्याची नक्षीसुद्धा उठून दिसते.

हे होतं कसं? खिडकीचे उभे गज डोळ्यांसमोर आणा. लाटणं उभं धरलं तर गजांमधून बाहेर जातं, आडवं धरलं तर अडतं. पाण्यावरून किंवा ओल्या दगडावरून तिरपा परावर्तित होणारा उजेड बराचसा एकाच दिशेने थरथरत असतो. काच फिरवून आपण तेवढाच अडवतो, बाकीचा आत येतो. 1929 साली अमेरिकेत एडविन लँड यांनी अशा पातळ पडद्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे ही वस्तू आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली.

‘सर्क्युलर’ हे नाव काच गोल आहे म्हणून नाही बरं का! तिच्या मागच्या बाजूला आणखी एक थर असतो. तो आत येणाऱ्या उजेडाला पुन्हा गिरकी देतो, म्हणजे कॅमेऱ्याचं उजेड मोजणं आणि आपोआप फोकस होणं बिघडत नाही. घेताना लेन्सवरचा आकडा पाहून घ्या. 58, 67 असे तो असतो. मोबाइलवरच फोटो काढत असाल तर पोलराइज्ड गॉगलची काच भिंगापुढे धरून फिरवा. गॉगल खरा आहे का, हे घरच्या कॅल्क्युलेटरवर कळतं. त्यातून पाहत गॉगल फिरवला की आकडे दिसेनासे झाले पाहिजेत.

उमरग्याहून याच रस्त्याने सोलापूरच्या बाजूला गेलं की नळदुर्गचा किल्ला येतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात इथे बोरी नदीवर बांध घातला गेला आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला. पाऊस चांगला झाला की नर आणि मादी हे दोन धबधबे बांधावरून कोसळतात. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही वाहत होते. मुलं तर भिजायलाच निघाली होती!

इथे काचेचा खरा उपयोग कळतो. साचलेल्या पाण्याकडे साधारण 35 ते 40 अंशांच्या तिरप्या नजरेने पाहून कडी फिरवली की वरचा आरसा नाहीसा होतो आणि काठाजवळचा तळ दिसतो. पानांवरची चमक जाऊन हिरवा रंग गडद होतो. आकाशासाठी एक खूण सांगते. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताणा आणि मनगट फिरवा. अंगठा जिकडे जाईल तिकडचं आकाश सर्वांत निळं येईल. उजेड मात्र निम्म्यावर, कधी चौथ्या हिश्श्यावर येतो, तेव्हा संध्याकाळी हात स्थिर ठेवा. धातूवरच्या चकाकीवर काच चालत नाही. आणि इंद्रधनुष्य दिसलं तर कडी जपून फिरवा, तेही पुसलं जाईल! प्रत्येक चकाकी काढायचीच असं नाही. बोरीच्या पाण्यावरचं सांजेचं ऊन ठेवावं, असं आपलं माझं मत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर सास्तूरजवळच्या एका गावातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा सास्तूरचा भाग उमरगा तालुक्यातच होता. हजारो माणसं गेली. काकूंचा वाडा गेला, आई गेली. उरला तो ओसरीवर बसलेल्या आईचा एकच फोटो. ओल लागून तो चौकटीच्या काचेला असा चिकटलाय, की काढायला जावं तर फाटेल. भावंडांना प्रत हवी होती, पण मोबाइलवर काढली की खिडकीचा पांढरा डाग नेमका आईच्या चेहऱ्यावर यायचा.

समोरून ही काच उपयोगी पडत नाही, म्हणून बाजूला उभं राहून तिरपा फोटो घेतला. ज्या खिडकीचा डाग पडत होता तिच्यावर काळी चादर टांगली, उरलेली चकाकी कडी फिरवून घालवली. तिरपेपणा मोबाइलवर सरळ करता येतो. काकूंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, आईच्या कपाळावरचं गोंदण दिसतंय बघ.”

तुमच्याही घरात भिंतीवर असा एखादा फोटो असेल. मंदिर आणि किल्ला पुढच्या श्रावणातही भेटतील. त्या फोटोची प्रत मात्र या रविवारीच काढा.