आजीचं बोट

तांदूळ निवडायला बसली की आजी डाव्या हाताचं बोट भुवईखाली लावायची, कातडी वर ताणून धरायची आणि उजव्या हाताने खडे वेचायची. मला वाटायचं, तांदूळ असेच निवडतात. भातुकली मांडली की मीही एक बोट डोळ्याशी लावून बसत असे. पोथी वाचतानाही तेच. पान उलटायला बोट काढलं की पापणी खाली येई आणि तिची ओळ हरवे. "वय झालं गं आता," एवढंच म्हणे.

आईने बोट लावलं नाही. ती मान मागे टाकून, हनुवटी वर करून बघायची. वाड्यातल्या बायका म्हणत, हिला फार गर्व. माझ्या आईइतकी साधी बाई त्या वाड्यात दुसरी नव्हती. पापणीखालून जेवढी फट उरली होती, तेवढ्यातून ती समोरच्या माणसाचा चेहरा शोधत असे. भुवया दिवसभर वर ओढून कपाळावर आठ्यांच्या रेघा पडलेल्या, संध्याकाळी डोकं ठणकायचं आणि आम्ही बाम चोळून द्यायचो. पुढे तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नजर स्वच्छ झाली, हनुवटी मात्र वरच राहिली. पापणीबद्दल कुणी काही बोललं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. याची रुखरुख मला अजून आहे.

मला शाळेत बाई विचारत, "रात्री जागलीस का?" नोकरीत तोच प्रश्न "दमलीस का?" असा झाला. तीस वर्षं मी त्याला "नाही हो, डोळेच असे आहेत" हे एकच उत्तर दिलं. छप्पन्नाव्या वर्षी एसटी स्टँडवर उभी असताना लक्षात आलं की बसची पाटी वाचायला मी मान मागे टाकली आहे. अगदी आईसारखी. त्याच आठवड्यात चौकातला वरचा सिग्नल दिसलाच नाही आणि मी स्कूटर तशीच पुढे नेली. त्या दिवशी फार घाबरले.

नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांच्याकडे फक्त पापण्यांचंच काम चालतं. उतारवयात पापणी मुख्यतः दोन कारणांनी डोळ्यावर येते हे मला तिथे कळलं. एक म्हणजे कातडी सैल होऊन घडीवरून खाली लोंबते. दुसरं, पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पातळ पडदा वयानुसार ताणून सुटतो आणि पापणीची कडच बाहुलीवर उतरते. त्याला टोसिस म्हणतात. माझ्या दोन्ही डोळ्यांत पहिलं होतं, डाव्यात दुसरंही. डॉक्टरांनी डावी पापणी बोटाने उचलून उजवी किती उतरते तेही पाहिलं, कारण दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखाच हुकूम जातो. एकीचा भार हलका केला की दुसरी ढिली पडू शकते.

मग फील्ड टेस्ट झाली. पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. एकदा पापण्या आहेत तशा ठेवून आणि एकदा कागदी चिकटपट्टीने वर चिकटवून. दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा पहिल्यावर वरचा भाग काळा होता, दुसऱ्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला होता. चिकटपट्टी काढायच्या आधी मी सहज समोर पाहिलं. भिंत, तिच्यावरचं घड्याळ आणि वरचा पंखा मान न हलवता एकदम दिसले. मला रडू आलं. आजीचं बोट म्हणजे ही चिकटपट्टीच होती.

शस्त्रक्रिया करायचं ठरलं. ते दोन कागद विम्यासाठीही लागले. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला विमा सहसा नसतो, नजरेला अडथळा आहे हे कागदावर दाखवावं लागतं. पहिल्या फेरीला "हे सौंदर्यासाठी आहे" म्हणून माझा अर्ज परत आला होता. पण मला मनापासून वाटतं, केवळ चेहरा थकलेला दिसू नये म्हणून कुणी पापणी किंवा डोळ्याखालची पिशवी काढून घेत असेल, तर त्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. दिवसातून दहा वेळा "दमलीस का?" ऐकणं काय असतं ते मला माहीत आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, केस आत वळून डोळ्याला टोचणाऱ्या पापणीवर असाच उपाय सांगितला आहे, हे मी नंतर वाचलं. भुवई आणि पापणी यांच्यामधली जवाच्या आकाराची कातडी कापायची आणि केसाने शिवायची. माझ्या डॉक्टरांनी मला बसवून पेनाने काढलेला आकारही जवासारखाच होता, थोडा लांबट. चिमट्याने कातडी धरून पापणीचे केस हलेपर्यंतच त्यांनी खूण केली. भुवईपासून केसांपर्यंत साधारण २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहायलाच हवी, नाहीतर डोळा मिटत नाही. ऑपरेशनआधी डॉक्टर किती काढणार हे सगळेच विचारतात, किती ठेवणार हेही विचारा. डोळे कोरडे असतील तर ते आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

भूल फक्त पापणीला दिली होती. सुई चांगलीच झोंबली. मग थोडा जळका वास, कातरीचा आवाज, आणि मधेच "डोळे उघडा, वर बघा" असं सांगणं, कारण पापणीची उंची जागेपणीच जुळवतात. पहिले दोन दिवस बर्फाचा शेक घेतला आणि दोन उशांवर झोपले. मलमाने सगळं धूसर दिसे, डोळे पुरते मिटत नसत. डॉक्टरांनी बजावलं होतं की डोळा ठणकून सुजला आणि दिसणं मंदावलं, तर त्याच मिनिटाला हॉस्पिटल गाठायचं, आत रक्तस्राव असू शकतो. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. सातव्या दिवशी टाके काढले. काळेनिळे डाग पिवळे होत गालावर उतरले आणि पंधरवड्यात गेले. पापणीची केसांकडची कड मात्र कित्येक आठवडे बधिर होती. खरा आकार बसायला काही महिने लागतात, तोवर रोज आरशात दोन्ही डोळे ताडून बघण्यात अर्थ नाही. माझी डावी पापणी अजून किंचित खाली आहे. राहू दे.

तुमच्या घरात कुणी हनुवटी वर करून टीव्ही बघत असेल, बोटाने पापणी धरून पेपर वाचत असेल, तर त्यांना एकदा नेत्रतज्ज्ञाकडे न्या आणि पापणीबद्दल मुद्दाम विचारा. लहान मुलाची पापणी बाहुली झाकत असेल तर मोठं होईपर्यंत थांबू नका, तो डोळा कायमचा आळशी होऊ शकतो. पापणी संध्याकाळी जास्त पडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि ती एकाएकी पडली, एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी जा.