कार्ड ठणठणीत आहे!

वाय-फाय लागलं! विंचूरच्या आमच्या घरात, माळ्यावरून काढलेल्या जुन्या लॅपटॉपवर, लिनक्स मिंटमध्ये! ‘कार्ड उडालंय, नवीन टाका’ असं दुकानातून ऐकून आलो होतो, आणि तेच कार्ड आता भराभर पानं उघडतंय.

सगळ्याची किल्ली एका आज्ञेत आहे. टर्मिनल उघडा आणि इंग्रजी लहान अक्षरांत ‘एलएसपीसीआय -एनएन’ लिहा. लॅपटॉपच्या पोटात पीसीआयनं जोडलेल्या एकेका चिपचं नाव आणि क्रमांक समोर येतो. माझ्या वाय-फायचा निघाला १४ई४:४३१५. पहिला भाग कंपनीचा, म्हणजे ब्रॉडकॉमचा. दुसरा नेमक्या चिपचा, बीसीएम ४३१२. कार्ड दिसतंय म्हणजे जिवंत आहे! अडलं होतं फक्त फर्मवेअर. कार्डावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, पण त्याचा प्रोग्रॅम तिथे साठवलेला नसतो. दर वेळी ड्रायव्हरनं तो भरायचा. वाटपाची परवानगी नसल्यानं ही फाइल लिनक्ससोबत येत नाही.

आणि त्या ड्रायव्हरची, बी४३ची, गोष्ट तर काय सांगू! चिपची माहिती जाहीर नव्हती. मग स्वयंसेवकांच्या एका गटानं मूळ ड्रायव्हर उलगडून चिप कशी चालते ते लिहून काढलं, आणि दुसऱ्या गटानं मूळ कोड न पाहता, केवळ त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर लिहिला. त्यांचा पहिला ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये गेला, बी४३ २००८ मध्ये. कुठली कोण माणसं, आणि त्यांच्या कष्टांवर निफाड तालुक्यातला एक लॅपटॉप चालतोय!

इंटरनेटसाठी इंटरनेट हवं, हा पेच मोबाइलनं सोडवला: यूएसबी केबल जोडून टेदरिंग सुरू केलं. ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ हे पॅकेज टाकलं. ते कंपनीचा ड्रायव्हर स्वतः उतरवून त्यातून फर्मवेअर कापून घेतं. रीस्टार्ट केलं आणि गल्लीतली सगळी नेटवर्कं यादीत हजर! पहिलं पान उघडलं लासलगाव बाजार समितीच्या कांदा भावाचं. वडील लगेच म्हणाले, “आपल्या विंचूर उपबाजाराचेही बघ.”

नव्या लॅपटॉपांना एवढंही करावं लागत नाही. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये, २०२३ मधल्या आवृत्ती १२ पासून, वाटता येण्याजोगी फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच असतात.

तेव्हा जुना लॅपटॉप भंगारात घालू नका. आधी ती आज्ञा चालवा, कार्डाचा क्रमांक कागदावर लिहा आणि त्या क्रमांकाचा ड्रायव्हर शोधा.