पूररेषेचे पाठभेद

आमचे मूळ घर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले, कोपरगाव तालुक्यातले. तेथे जुनी माणसे गोदावरीला गंगाच म्हणतात आणि तिच्या काठच्या सपाट काळ्या पट्ट्याला गंगाथडी. ही थडी नेमकी कोठे संपते, असे कोणी विचारीत नसे. शासनाच्या नकाशाला मात्र रेषा लागते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. ऑगस्ट २०१९ मध्ये नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून अडीच लाखांहून अधिक क्युसेक पाणी खाली आले, तेव्हापासून आम्ही हे नकाशे एखाद्या संहितेसारखे वाचू लागलो.

या रेषा आता संगणक काढतो. त्याला नदीचे काटछेद, जमिनीची उंची आणि येणारे पाणी सांगावे लागते. मग सां-व्हेनां या फ्रेंच अभियंत्याने १८७१ मध्ये मांडलेली समीकरणे तो टप्प्याटप्प्याने सोडवितो. डोंगराळ मुलखात पाणी दरीतच राहते, म्हणून उत्तर फारसे चुकत नाही. सपाटीवर गोष्ट निराळी. जमिनीचा उतार हजार मीटरला एक मीटर असेल, तर उंचीतील एका मीटरच्या चुकीने पाण्याची कड एक किलोमीटर सरकते. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने घेतलेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या उंचीच्या नोंदींत तर काही मीटरांची चूक असू शकते. शिवाय झाडे आणि दाट पिके यांचीही उंची जमिनीत मिसळते. उसाच्या मुलखात ही बाब किरकोळ नव्हे.

आम्हाला अधिक विचारात पाडले ते मॅनिंगच्या गुणांकाने. पाण्याला जमीन किती अडविते, हे तो एका आकड्यात सांगतो: स्वच्छ पात्राला सुमारे ०.०३, दाट झुडपांना ०.१०च्या आसपास. एकच शेत जूनमध्ये नांगरलेले असते आणि सप्टेंबरमध्ये उसाने भरलेले. कोणता आकडा घ्यायचा? हा निर्णय म्हणजे अर्थनिर्णयनच. आणि तो पडताळण्यासाठी अभियंता शेवटी मागच्या पुराची खूण शोधतो, तेथे पाणी मिळेपर्यंत आकडा कमीजास्त करतो.

म्हणजे गणिताला साक्षीदार लागतो. ‘मारुतीच्या पाराला पाणी लागले होते’ या वाक्यात स्थळ आहे, उंचीही आहे. साल मात्र नाही. सांगणाऱ्यागणिक पायरी बदलते. हस्तलिखितांचे पाठभेद ताडून पाहणाऱ्यांना हे काम परके वाटू नये. स्मृतीवरच विसंबावे, असे आमचे म्हणणे नाही. वरच्या अंगाला धरणे झाली, पूल आणि भराव आले. आजोबांनी पाहिलेली नदी आज त्याच वाटेने पसरणार नाही. कोणीच न पाहिलेल्या पुराविषयी तर संगणकच काही सांगू शकतो.

पण लाल रेषा एखाद्याच्या ओसरीतून जाते, तेव्हा त्या ओसरीला काय आठवते हे विचारणारे कोणी हवे. कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासे येथील मराठीच्या वर्गांनी लोकगीतांसोबत पुराच्या खुणाही साल, स्थळ, उंची आणि सांगणारा यांसह टिपून ठेवाव्यात. १९६९चा पूर जाणत्या वयात पाहिलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत.