वाकळ उसवताना

कोजागिरी झाली की आमच्या सावंगीची पहाट बदलते. दिवसाचं ऊन तेच असतं, दुपारी पंखा लागतोच. पण तीन-साडेतीनच्या सुमारास त्याच पंख्याचा वारा अंगाला झोंबतो आणि झोपेतच हात पायथ्याशी जातो. तिथं वाकळ असते. आमच्या बोलण्यात ‘वाकय’. कुणी गोधडी म्हणतं, कुणी कथरी. परवा हात असाच पायथ्याशी गेला, वाकळ ओढली आणि बोट थेट आत शिरलं. पोटाशी चांगली वीतभर फाटली होती.

ही वाकळ माझ्या मायनं शिवलेली. लग्नानंतर मी पहिल्यांदा आर्वीकडच्या माहेराहून परत निघाले, तेव्हा तिनं ती एस.टी.च्या खिडकीतून आत कोंबली होती. माय जाऊन आता सात वर्षं झाली. त्यामुळं फाटक्या जागेवर नुसतं ठिगळ लावून मोकळं होणं मला जमेना. सकाळी छपरीत सतरंजी टाकली, दाढीचं पातं घेतलं आणि एकेक टाका कापत वाकळ उसवायला बसले.

वरचा थर तिच्या पातळाचा, माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याखाली जांभळं लुगडं, काठाला पिवळी रेघ. ते तिनं नेसलेलं मला आठवत नाही, म्हणजे आजीचं असावं. त्याखाली बाबांचं धोतर, धुऊन धुऊन चहाच्या रंगाचं झालेलं. मग निळं जाड कापड, ते माझ्या शाळेच्या गणवेशाचं. खिशाची शिवण अजून तशीच होती. आणि सगळ्यात आत कापूस वेचायची ओटी. वेचणीच्या दिवसांत बाया कमरेला कापड बांधून त्याची झोळी करतात, ती. पऱ्हाटीच्या हिरव्या पाल्याचे तपकिरी डाग कुठल्याच साबणानं जात नाहीत. ते डाग जसेच्या तसे होते. ओटीच्या दुमडलेल्या शिवणीत काहीतरी कडक लागलं. नखानं उकरलं तर एक सरकी निघाली. तिच्यावर कापसाचा पांढरा रवा अजून चिकटून होता.

ती सरकी तळहातावर घेऊन मी किती वेळ बसले, सांगता येणार नाही.

आमच्या घरात कुणाचा फोटो काढून ठेवायची पद्धत नव्हती. वेचणीला जाणाऱ्या मायचा फोटो तर कोण काढणार? पण तिनं स्वतःच आपल्या हातानं घरातल्या चौघांना एकावर एक नीट घडी घालून ठेवलं होतं आणि भोवती दोरा फिरवला होता. कुणाला कुठं ठेवायचं हेही तिनं ठरवलेलं. आजी मायच्या लगोलग खाली, बाबांना मधली ऊब, माझा गणवेश त्यांना लागून, आणि स्वतःची मेहनत सगळ्यांच्या आत, जिथं कुणाला दिसणार नाही.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माय गेल्यावर तिची अकरा सुती पातळं भावानं माझ्याकडं आणून दिली होती. त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी ती बोहारणीला दिली. त्या बदल्यात झाकणाचा एक मोठा स्टीलचा डबा घेतला. सासूबाई दारात उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, “फेकू नोको वं पोरी, सुती हाय ते.” मी म्हटलं, फेकत कुठं आहे, डबा येतो आहे. घर आवरणं म्हणजे जुनं काढून टाकणं, असं तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं होतं. त्या डब्यात आज तुरीची डाळ आहे. अकरा पातळांत तीन वाकळी झाल्या असत्या. माझ्या दोन लेकींना एकेक आणि एक घरात. हे दुःख मोठं नसेल, पण ते मला रोज डाळ काढताना होतं.

वाकळ उसवून पुन्हा भरणं हे आमच्या भागाला नवं नाही. वर्ध्याच्या एका अंगाला सेवाग्राम, दुसऱ्या अंगाला आमची सावंगी. सेवाग्रामला १९३६ पासून राहिलेले गांधीजी १९४६ च्या ऑगस्टमध्ये तिथून निघाले आणि परत यायचं राहूनच गेलं. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते दिल्लीत होते. फाळणीनंतर उघड्यावर पडलेली लाखो माणसं छावण्यांत होती आणि थंडी तोंडावर आलेली. प्रार्थनासभेत ते लोकांकडं पांघरुणं मागत होते, आणि मागता मागता रजईचे गुण एखाद्या घरच्या बाईसारखे समजावून सांगत होते. रजई उसवता येते, कापड धुता येतं, कापूस हातानं पिंजून पुन्हा भरता येतो. आणि रात्रीच्या दवात ती भिजू नये म्हणून वर जुनी वर्तमानपत्रं पसरावीत. देशाचे तुकडे झालेल्या त्या दिवसांत एवढा मोठा माणूस टाक्याचा आणि दवाचा विचार करत होता, हे मला फार मोलाचं वाटतं. गाडगेबाबांचंही तसंच. रंगीबेरंगी चिंध्या जोडलेला अंगरखा घालून ते विदर्भातली गावं झाडत हिंडले. लोक त्यांना गोधडेबाबाच म्हणायचे.

वाकळ शिवायची रीत मी सासूबाईंकडून शिकले, उशिरा, डब्याच्या प्रकरणानंतर. आधी लुगडी सोडा घालून उकळायची, कडक वाळवायची. जमिनीवर अस्तर पसरून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या. त्यावर एकेक थर टाकायचा, पाण्याचा हलका शिपका मारायचा आणि तळहातानं मधून बाहेर सारत सुरकुत्या काढायच्या. सुरकुती आत राहिली तर ती पुढची वीस वर्षं पाठीला टोचते. मग लांब लांब कच्चा टाका. त्यानंतर खरी शिवण सुरू होते ती काठाकडून. चौकोनाच्या आत चौकोन, बोटभर अंतरानं, सरकत सरकत मध्यापर्यंत. दोघी बसल्या तर समोरासमोर बसायचं, म्हणजे कापड एका बाजूला ओढलं जात नाही. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाकळीत या ओळींची लांबी दीडशे मीटरच्या आसपास भरते. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून सेंटीमीटरभर धरली, तर टाके पंधरा हजारांच्या घरात जातात. मी मोजले नाहीत, हिशोब केला. सासूबाईंना आकडा सांगितला तर त्या म्हणाल्या, “मोजत बसली असती तं शिवली नसती कोणी.”

ऊब येते ती या थरांत अडकलेल्या हवेमुळं. कापूस नुसता दाबून भरला तर ती जागा राहत नाही. म्हणून जुन्या रजईतला कापूस गोळा झाला की पूर्वी पिंजारी यायचा. खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण, त्याची तात मोगरीनं छेडली की टंव टंव आवाज गल्लीभर जायचा आणि पांढरा फुगारा उडायचा. वाकळीत कापूस नसतोच बहुधा, कापडावर कापड असतं. पण ते कापड सुतीच लागतं. पॉलिस्टरची साडी सुईखाली सरकते, घाम पीत नाही, थराला थर धरत नाही. कापसाच्या या मुलखातही घरोघरी आता सिंथेटिक साड्याच निघतात आणि वाकळीला कापड शोधावं लागतं.

वाकळीतून उरलेल्या तुकड्यांचा आम्ही खिशांचा पडदा केला. घरात सगळ्यात जास्त भांडणं कागदांवरून व्हायची. विजेचं बिल कुठं, रेशनकार्ड कुठं, सातबारा कुणी घेतला होता शेवटी? मी आधी प्लॅस्टिकच्या फायली आणल्या, वर चिठ्ठ्या डकवल्या. उपयोग झाला नाही, कारण घरात सगळ्यात जास्त वेळ असणाऱ्या सासूबाईंना अक्षरओळख नाही. मग यजमानांच्या दोन जुन्या जीन्स उसवल्या, अस्तराला चादर लावली, सहा खिसे शिवले आणि पडदा स्वयंपाकघराच्या दाराशी टांगला. कुठल्या खिशाला कुठलं कापड हे सासूबाईंनी ठरवलं. दवाखान्याच्या कागदांना जुन्या टॉवेलचं खरखरीत ठिगळ. शेताच्या कागदांना आणि कापसाच्या काट्याच्या पावत्यांना मांजरपाट. शाळेला गणवेशाचं कापड. बँकेला जीन्सचाच तांब्याचं बटण असलेला खिसा, कारण तो बंद होतो. बिलांना परकराचं गुळगुळीत सॅटिन. सहावा खिसा मोकळा, ज्या कागदाचं कुठंच ठरलेलं नाही त्याच्यासाठी.

गेल्या आषाढात एका रात्री सासऱ्यांच्या छातीत कळ आली. पाऊस होता, वीज गेलेली. मी मोबाइल शोधते आहे, यजमान गाडी काढताहेत, तेवढ्यात सासूबाई काळोखातच फाईल हातात घेऊन दारात उभ्या. जुने रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी, आधारकार्डाची झेरॉक्स, सगळं त्यात होतं. नंतर विचारलं, कसं सापडलं हो? म्हणाल्या, “अंधारात बी हाताले समजते नं. टावेल हाय त्याले.”

सासरे घरी आले, आता बरे आहेत. तो पडदा मात्र मी तेव्हापासून धुवायलाही दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही.

सावंगीत राहिलं की पांघरुणं फार दिसतात. १९९० साली इथं वैद्यकीय महाविद्यालय निघालं, आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं, आणि शेतांमधलं गाव आसपासच्या जिल्ह्यांचं गाव झालं. यवतमाळकडून, चंद्रपूरकडून माणसं येतात. पेशंटच्या हातात फाईल, मागच्या बाईच्या डोक्यावर बोचकं, आणि बोचक्याला बाहेरून वाकळ गुंडाळलेली. नव्या बाळंतिणीसाठी आलेल्या आजीच्या पिशवीत मऊ जुन्या कापडाची दुपटी. नव्या कापडाची खळ बाळाच्या कातडीला सोसत नाही, म्हणून दुपट्याला आजीचं धुऊन मऊ झालेलं लुगडंच लागतं.

आमची पुढची खोली आम्ही अशा नातेवाइकांना देतो. मागच्या हिवाळ्यात पांढरकवड्याकडच्या एक बाई होत्या, नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं. दुपारी भेटीची वेळ संपली की त्या आमच्या छपरीत बसायच्या. हात रिकामा राहिला की जीव घाबरतो म्हणाल्या आणि सुई-दोरा मागितला. मी माझं अर्धवट काम पुढं केलं. अकरा दिवस त्या शिवत होत्या. त्यांच्या ओळी माझ्यापेक्षा जवळजवळ, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. नवऱ्याला सुटी मिळाली त्या दिवशी घाईत निघाल्या, निरोप घेणंही धड झालं नाही. त्या वाकळीच्या एका कोपऱ्यात त्यांच्या हाताच्या नऊ ओळी आहेत. पाहुणे आले की मी त्या दाखवते.

अशा गोधड्या फक्त आमच्याकडंच शिवतात असं नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची नदीच्या वळणावरची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायकांनी फाटक्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६ साली त्यांची टपाल तिकिटंही निघाली. कापसाच्याच शेतांत राबलेल्या या बायका. त्यातली एक गोधडी मिझुरी पेटवे यांनी १९४२ साली शिवलेली. नवरा वारल्यावर त्यांनी त्याचे शेतातले कपडे गोळा केले, मुलीला हाताशी घेतलं आणि त्या कपड्यांची गोधडी केली. त्याच्या आठवणीची म्हणून, पांघरून झोपायला. गुडघ्याशी विटलेल्या पँटचे निळे-करडे पट्टे तिच्यात स्पष्ट दिसतात. तिचं छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बाबांच्या धोतराचा वास आला. सात समुद्रांपलीकडची बाई, भाषा वेगळी, देव वेगळा. पण गेलेल्या माणसाच्या कपड्यांचं काय करायचं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं.

मायची वाकळ आता पुन्हा भरते आहे. थर तेच ठेवले, क्रमही तिचाच. फाटलेलं वरचं पातळ आत घेतलं आणि त्यावर माझी एक सुती साडी टाकली. धाकटीनं तिच्या पहिलीच्या गणवेशाचा तुकडा आणून दिला, तोही तिच्या आजीच्या ओटीशेजारी बसवला. सरकी जिथं सापडली त्याच शिवणीत परत ठेवली. मध्याची दीड हात जागा शिवायची राहिली आहे. संध्याकाळी दिवा लागला की सासूबाई समोर बसतात, मी अलीकडं. चष्मा लावूनही त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, तो मी ओवून देते.

दिवाळी जवळ आली आहे. तुमच्या दारातही बोहारीण येईल, चार साड्यांवर चांगलं भांडं देईल. भांडं जरूर घ्या. पण देण्याआधी प्रत्येक साडी बोटांत धरून बघा, आणि सुती लागली तर ती तेवढी बाजूला काढून ठेवा.